काठमांडूत रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी व्हेट व्हॉलंटियर म्हणून जायचंय? मग तयारी अशी करा

पहिलीच गोष्ट स्पष्ट सांगते, सर्जरीवर हात बसवायला म्हणून परदेशात जाऊ नका. हात इथे बसवा, मग जा. काठमांडूच्या गल्लीतली कुत्री कोणाच्या प्रॅक्टिससाठी नाहीये, त्या गल्लीत कोणीतरी बाई तिला रोज भात घालत असते, दुकानदाराने तिला नाव ठेवलेलं असतं, आणि आपण तिचं पोट उघडून, टाके घालून, दोन-तीन दिवसांत परत सोडून निघून जाणार असतो. टाका सुटला, इन्फेक्शन झालं तर निस्तरायला तिथलाच डॉक्टर असतो, आपण तोवर मुंबईच्या विमानात बसलेलो असतो. हे ज्याला पटतं त्याच्यासाठी पुढचं सगळं लिहिलंय.

नेपाळच का, तर आपल्यासाठी तो सगळ्यात सरळ रस्ता आहे. व्हिसा लागत नाही, हिंदी बहुतेकांना कळतं, पाट्या देवनागरीत, डाळभात रोज मिळतो, आणि कुत्र्यांचे आजार जवळपास आपलेच. आणि काम खरंच पडलेलं आहे. काठमांडूत आधी कुत्र्यांची संख्या कमी करायची म्हणजे स्ट्रिक्निन घालून मारायची, रस्त्यात तडफडून मरायची ती. २००४ मध्ये जॅन सॉल्टर नावाच्या ब्रिटिश चित्रकार बाईंनी तिथे केएटी सेंटर सुरू केलं, म्हणजे काठमांडू अ‍ॅनिमल ट्रीटमेंट सेंटर, आणि विषाऐवजी नसबंदी आणि लस हा मार्ग तिथे रुजवला. २०१८ मध्ये त्या वारल्या. ललितपूरच्या बाजूला स्नेहाज केअर आहे, स्नेहा श्रेष्ठ यांनी सुरू केलेली, तिथे अपघात झालेली, कंबरेतून गेलेली बरीच कुत्री असतात. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं, मुंबईत १९९४ पर्यंत महापालिका कुत्री मारतच होती.

थायलंडबद्दल पण विचारतात लोक. फुकेतला सोई डॉग फाउंडेशन आहे, २००३ पासूनचं, काम प्रचंड मोठं आणि अतिशय शिस्तीत चालतं, त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे. पण थायलंडमध्ये बिनपगारी काम पण कायद्याने कामच धरतात, त्याला योग्य व्हिसा आणि वर्क परमिट लागतं, टुरिस्ट म्हणून उतरून ओटीमध्ये उभं राहणं बेकायदेशीर आहे, कोणी म्हटलं की चालतं हो सगळं, तरी करू नका. भूतानने २०२३ मध्ये जाहीर केलं की देशातली सगळी भटकी कुत्री नसबंदी आणि लस करून झाली, जगात असं करणारा पहिला देश, कौतुक करावं तेवढं थोडं, पण तिथे बाहेरच्या व्हॉलंटियरसाठी आता तशी जागा फार नाही. श्रीलंका चांगली आहे, ईटीए म्हणजे ऑनलाइन प्रवास परवाना काढावा लागतो. मी पुढे नेपाळ धरूनच लिहितेय.

जायच्या आधी इथे काय करायचं

आपल्याकडच्या व्हेटला एक गोष्ट आयती मिळालेली असते, ती म्हणजे रस्त्यावरचं कुत्रं कसं असतं हे आपल्याला माहीत असतं. युरोपातून आलेल्या हुशार हुशार डॉक्टरांनी आयुष्यात अळ्या पडलेली जखम बघितलेली नसते, डिस्टेंपर पुस्तकातच वाचलेला असतो, रेबीजचं कुत्रं तर नाहीच. परभणी, उदगीर, शिरवळ, नागपूर, कुठल्याही व्हेटरनरी कॉलेजच्या ओपीडीत महिनाभर नीट उभा राहिलेला मुलगा हे सगळं बघून आलेला असतो. ही आपली खरी ताकद आहे आणि ती घेऊनच जायचं.

पण एबीसीची, म्हणजे अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल, भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची सर्जरी वेगळी. कॉलेजमध्ये इंटर्नशिपला दोन-चार स्पे, म्हणजे मादीची नसबंदी, असिस्ट करणं आणि कॅम्पमध्ये सकाळपासून एकामागून एक करणं यात फार फरक आहे. आधी आपल्या शहरातल्या एबीसी सेंटरला सहा महिने तरी काम करा, तालुक्याच्या ठिकाणी असाल तर जवळच्या महापालिकेत विचारा. डब्ल्यूव्हीएस म्हणजे वर्ल्डवाइड व्हेटरनरी सर्व्हिस या संस्थेचं ट्रेनिंग सेंटर उटीजवळ आहे आणि गोव्यात असगावला पण आहे, तिथे व्हेटसाठी सर्जरीचं ट्रेनिंग होतं. मिशन रेबीज पण त्यांचंच, २०१३ मध्ये सुरू झालेलं, आणि गोव्यातलं त्यांचं काम एकदा तरी आत शिरून बघाच, दारोदार फिरून लस, प्रत्येक कुत्र्याची मोबाईल अ‍ॅपवर नोंद, शाळाशाळांत जाऊन मुलांना शिकवणं, हे सगळं एकत्र कसं चालतं ते तिथे दिसतं. २०२१ मध्ये गोवा रेबीज कंट्रोल्ड म्हणून जाहीर झालं ते याच्याच जोरावर. मराठी माणसाला कोकण रेल्वे पकडली की गोवा, त्यामुळे परदेशाआधी गोवा ही माझी अगदी ठाम शिफारस आहे.

स्वतःची परीक्षा अशी घ्या. मध्यम वजनाच्या, चरबी असलेल्या, माजावर आलेल्या मादीचा स्पे, बाजूला सीनियर नसताना, रक्तस्राव न होता, आणि ओव्हरीचा तुकडा आत न राहता, तुम्ही शांतपणे पूर्ण करू शकता का. पेडिकल, म्हणजे ओव्हरीचा बांधलेला देठ, निसटलं तर काय करायचं हे हाताला माहीत आहे का. उत्तर हो असेल तर सर्जन म्हणून जा. नसेल तर अ‍ॅनेस्थेशिया, प्रेप, रिकव्हरी, ड्रेसिंग या कामांसाठी जा, आणि खरं सांगते, कॅम्पला सर्जनपेक्षा रिकव्हरीवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाची गरज जास्त असते, ती कामं कोणाला नको असतात म्हणून.

डिप्लोमावाले, एलएमडीपी हा पशुधन व्यवस्थापनाचा कोर्स केलेले, पशुधन पर्यवेक्षक, यांनी मागे राहायचं काहीच कारण नाही. सर्जरी तुम्ही करायची नाही, ते इथेही नाही आणि तिथेही नाही, पण सलाइन लावणं, इंजेक्शन, जखमा धुणं, कुत्रं न दुखावता धरणं, यात तुमचा हात बऱ्याचदा नव्या डॉक्टरपेक्षा चांगला असतो. मेल लिहिताना हे ठसठशीत लिहा.

कागदपत्रं

नेपाळला व्हिसा लागत नाही म्हणजे तिथे प्रॅक्टिस करायची परवानगी आहे असं अजिबात नाही. तिथे नेपाळ पशु चिकित्सा परिषद आहे, परदेशी व्हेटने प्राण्यावर उपचार करायचे तर परिषदेची परवानगी लागते, आणि ती तुमच्या वतीने संस्था मागते. म्हणून संस्थेला पहिल्याच मेलमध्ये विचारा की माझं रजिस्ट्रेशन कसं करणार. जी संस्था म्हणते की त्याची काही गरज नाही, या तुम्ही, तिकडे जाऊ नका. तुमच्या बाजूने लागणार डिग्री सर्टिफिकेट, महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचं रजिस्ट्रेशन, ते चालू असलेलं पाहिजे, रिन्यूअल राहिलं असेल तर आधी ते करा, आणि गुड स्टँडिंगचं सर्टिफिकेट, म्हणजे तुमच्यावर कारवाई नाही असं परिषदेचं पत्र. या शेवटच्या कागदाला वेळ जातो, तिकीट काढायच्या आधी अर्ज टाका.

प्रवासाला पासपोर्ट किंवा व्होटर आयडी. आधार कार्डावर मोठ्या माणसाला विमानाने नेपाळला जाऊ देत नाहीत, एअरपोर्टवरून परत पाठवतात. मुंबईहून सरळ विमान आहे, पैसे वाचवायचे तर कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून बसने सोनौली, बॉर्डर ओलांडून पुढे परत बस, अंग मोडून निघतं पण होतं. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे १.६०, हा रेट ठरलेलाच आहे, शंभराच्या नोटा जवळ ठेवा.

ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना फक्त प्रीमियम बघू नका. प्राण्यांसोबतचं काम, चावा, ही गोष्ट बऱ्याच पॉलिसीत वगळलेली असते. कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

रेबीजची लस, याच्यावर वादच नाही

प्री-एक्स्पोजर, म्हणजे चावा बसायच्या आधीच घ्यायचा कोर्स, घेतल्याशिवाय जायचं नाही. आपल्याकडे तीन डोस देतात, ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी, म्हणजे निघायच्या आधी किमान महिना दीड महिना हाताशी पाहिजे. आधी कोर्स झालेला असेल तर अँटिबॉडी टायटर करून घ्या, ०.५ च्या वर पाहिजे. याचा फायदा असा की चावा बसला तर पुढे फक्त दोन डोस, ० आणि ३ ला, इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, लागत नाही, आणि ते इम्युनोग्लोब्युलिन सगळीकडे वेळेवर मिळतंच असं नाही. पण लस घेतली म्हणून चावा अंगावर काढायचा नाही. साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून १५ मिनिटं, मग दवाखाना. काठमांडूत टेकूचं शुक्रराज हॉस्पिटल यासाठीच ओळखलं जातं, पहिल्या दिवशीच ते कुठे आहे बघून ठेवा. धनुर्वाताचा बूस्टर पण घ्या.

जगात दरवर्षी साधारण ५९,००० माणसं रेबीजने जातात असा डब्ल्यूएचओचा अंदाज आहे, आणि त्यातली ९९ टक्के कुत्र्यामुळे, आणि त्यात लहान मुलं फार. आपण जातोय ते यासाठी पण जातोय. एखाद्या भागातली ७० टक्के कुत्री लसवंत झाली की साखळी तुटते, म्हणून लसीकरणाच्या दिवसाला दुय्यम समजू नका, सर्जरी नाही म्हणून तोंड पाडून फिरणारे व्हॉलंटियर मी बघितलेत आणि मला त्यांचा राग येतो.

आणि एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. कुत्र्याचा खालचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, भुंकत नाही, चावत नाही, कोपऱ्यात गरीबासारखं बसलंय, आणि आजूबाजूचे लोक सांगतायत की डॉक्टर, याच्या घशात हाड अडकलंय बघा. तोंडात हात घालायचा नाही. मुकी रेबीज अशीच दिसते. तिथल्या टीमला बोलवायचं, लोकांना लांब करायचं, त्याला कोणी हात लावला, कोणी पाणी पाजायचा प्रयत्न केला ती नावं लिहून घ्यायची आणि त्या लोकांना त्याच दिवशी लसीला पाठवायचं. आपल्याकडे पण अगदी असंच होतं, पण परक्या गावात मदत करायच्या उत्साहात माणूस हात पुढे करून बसतो.

बॅगेत काय

स्वतःचा स्टेथोस्कोप, दोन थर्मामीटर, डोक्याला लावायची टॉर्च, तुमच्या हाताच्या साइजचे ग्लोव्हज, दोन-तीन स्क्रब, धुता येणारे गमबूट, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, परमनंट मार्कर. सर्जन असाल तर हाताला सवय असलेला नीडल होल्डर. थंडीत जाणार असाल तर स्क्रबच्या आत घालायला थर्मल.

औषधं मनाने उचलून नेऊ नका. केटामाइन हे भुलीचं औषध आपल्याकडे अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात येतं, ते बॅगेत घेऊन बॉर्डर ओलांडणं म्हणजे सरळ गुन्हा. लस नेऊ नका, २ ते ८ डिग्रीची कोल्ड चेन तुमच्या बॅगेत टिकणार नाही. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी नेपाळमध्ये आणि आपल्याकडे २००६ पासूनच बंद आहे, ते दिलेलं जनावर मेल्यावर खाल्लं की गिधाडं मरतात म्हणून. आणि एक्स्पायरी झालेले टाके, उघडी पाकिटं, कंपनीचे उरलेले सॅम्पल, हे दान म्हणून नेणं बंद करा, त्याची विल्हेवाट लावायचं काम त्या बिचाऱ्या संस्थेला पडतं. काय आणू असं विचारा, ते यादी देतात, आणि यादीत बहुतेक वेळा साध्याच गोष्टी असतात, चांगले टाके, ग्लोव्हज, आयव्ही कॅन्युला, टॉवेल.

कामाचा दिवस कसा असतो

पहाटे कुत्री पकडायला गाडी निघते, कारण तेव्हा ती झोपेतून उठलेली, एका जागी असतात आणि रहदारी नसते. पकडणारी माणसं तिथलीच, त्यांना प्रत्येक चौकातली कुत्री चेहऱ्याने माहीत असतात, कोणती नुकतीच व्यालीय, पिल्लं कुठे लपवलीयेत. तुम्ही पहिले काही दिवस फक्त मागे उभं राहा. पळणाऱ्या कुत्र्यामागे पळायचं नाही, रस्त्यावर गाडीखाली घालवाल तिला. आधी कान बघायचा, खाच असेल तर नसबंदी झालेली आहे, उगाच दुसऱ्यांदा पोट उघडायला नको. स्तनं दुधाने भरलेली असतील तर तिला उचलायचं नाही, पिल्लं उपाशी मरतात. आणि कुठून उचललं ती जागा नेमकी लिहायची, चौक, दुकान, देऊळ, फोटो, कारण तिथेच परत सोडायचं असतं, दोन गल्ल्या पलीकडे पण नाही, तिथली कुत्री तिला फाडतात.

नोंद म्हणजे कंटाळवाणं काम वाटतं पण सगळं त्याच्यावर चालतं. गळ्यातला नंबर, पिंजऱ्याचा नंबर आणि कागदावरचा नंबर हे तीन जुळलेच पाहिजेत.

सर्जरीच्या पद्धतीवरून तिथे जाऊन वाद घालू नका. आपल्याकडे एबीसीत उजव्या बाजूने, फ्लँकने म्हणजे कुशीतून करायची सवय, बाहेरचे बरेच जण मिडलाइनने म्हणजे पोटाच्या मधोमध करतात. फ्लँकचे फायदे आपल्याला माहीत आहेत, जखम लांबूनही दिसते, स्तनांपासून दूर असते, पण गाभण मादीत किंवा गर्भाशयात पू असेल तर मिडलाइन बरी पडते. तिथली टीम ज्या पद्धतीने करते आणि ज्या पद्धतीची नंतर काळजी घ्यायची त्यांना सवय आहे, तीच पद्धत तुमची. टाके आतले, विरघळणारे, कारण टाके काढायला ती परत येणार नाहीये. वेदनाशामक दिल्याशिवाय कुत्रं टेबलवरून खाली जाता कामा नये, आणि कुठे देत नसतील तर आदराने पण स्पष्ट विचारा.

आता रिकव्हरीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण कुत्री मरतात ती बहुतेक इथे. थंडीच्या दिवसांत काठमांडूत रात्री पारा पार शून्याजवळ जातो. झायलाझिन-केटामाइन दिलेली, बाजूचे केस काढलेली, स्पिरिटने पुसलेली दहा-बारा किलोची हडकुळी कुत्री फरशीवर ठेवली तर तासाभरात गार पडते. म्हणून खाली गोणपाट, वर पांघरूण, आणि गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून काखेत आणि मांड्यांमध्ये, नुसती बाटली नाही, बेशुद्ध जनावराला भाजतं आणि ते ओरडू शकत नाही. एका कुशीवर, मान सरळ, जीभ बाहेर काढून ठेवलेली. दर पंधरा मिनिटांनी थर्मामीटर. नॉर्मल १०१ ते १०२.५, आणि ९७-९८ दिसलं की बाकी सगळं सोडून तिच्यापाशी बसायचं. हिरड्या बघायच्या, बोटाने दाबून रंग किती वेळात परत येतो बघायचं, हिरड्या पांढऱ्या पडत चालल्या, पोट फुगत चाललं, ठोके वाढले, तर आत रक्तस्राव आहे असं धरून लगेच सर्जनला हाक मारायची, लाजायचं नाही, नंतर काही निघालं नाही तरी चालेल. डोळ्यांत ऑइंटमेंट घालायचं कारण केटामाइनमध्ये डोळे उघडेच राहतात. गिळायला लागली, मान उचलली की घशातली श्वासाची ट्यूब काढायची, आणि पूर्ण उभी राहिल्याशिवाय दुसऱ्या कुत्र्याबरोबर ठेवायची नाही. रात्री शेवटची फेरी कोण मारणार हे संध्याकाळीच ठरवून घ्या, माझं मत विचाराल तर ती व्हॉलंटियरने मारावी, तिथले लोक वर्षभर मारतच असतात.

आजार

टीव्हीटी, म्हणजे समागमातून पसरणारी कॅन्सरची गाठ, भरपूर. मादीच्या मागून रक्त पडतंय, लोकांना वाटतं माजावर आहे, आणि बघितलं तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ. विंक्रिस्टिन हे केमोचं इंजेक्शन आठवड्याला एक, साधारण चार ते सहा आठवडे, आणि बरी होते, अगदी बरी होते, आपल्या कामातला हा मोठा आनंद आहे. पण बघा, तुम्ही दोन आठवड्यांसाठी गेलात तर कोर्स तुमच्या हातून पूर्ण होणारच नाही. म्हणून सुरू करायच्या आधी पुढचे डोस कोण देणार हे ठरलेलं पाहिजे, ती कुत्री आत ठेवणार की दर आठवड्याला पकडून आणणार. अर्धवट सोडलेली केमो म्हणजे गाठ परत, आणि या वेळी औषधाला दाद न देणारी. ग्लोव्हज घालूनच भरा, शिरेच्या बाहेर गेलं तर पाय सडतो, आणि पुढचे काही दिवस तिचं मूतसुद्धा उघड्या हाताने पुसू नका. गरोदर असाल तर त्या कामाला हात लावू नका, टीमला सांगा.

खरूज, गोचीड ताप, पार्व्हो, डिस्टेंपर हे तुम्हाला माहीतच आहे. फक्त पार्व्होच्या पिंजऱ्यातून निघून पिल्लांकडे जाऊ नका, बूट आणि स्क्रब बदला. अपघाताच्या केसेस खूप येतात, काठमांडूच्या मोटारसायकली. मणका गेलेल्या कुत्र्याचं काय करायचं यावर तिथल्या संस्थांची मतं वेगवेगळी आहेत, काही जण व्हीलकार्टवर वर्षानुवर्षं सांभाळतात, काही जण दयामरण देतात. त्यांचं धोरण काय ते जायच्या आधीच विचारून घ्या आणि तुम्हाला ते झेपेल का ते घरी बसून ठरवा, तिथे त्या कुत्र्यासमोर उभं राहून भांडणं बरं नाही. ज्या दिवशी दयामरण द्यावं लागतं त्या दिवशी संध्याकाळी एकटं राहू नका. टीमसोबत जेवा, बोला, रडू आलं तर रडा.

माणसं

दाइ, दिदी, भाइ, बहिनी, या हाका पहिल्या दिवसापासून. ‘कुकुरले टोक्यो’ म्हणजे कुत्रा चावला, ‘खोप’ म्हणजे लस, ‘बिस्तारै’ म्हणजे हळू, एवढ्या शब्दांवर बराच दिवस निघतो. पण महत्त्वाचं हे की गल्लीतली माणसं त्या कुत्र्याची आहेत. घेऊन जाताना सांगून न्या, कधी परत आणणार ते सांगा, आणि सांगितलेल्या दिवशी आणा. एका चौकात एक चहावाली दिदी गाडी दिसली की धावत यायची आणि पिंजऱ्यात वाकून प्रत्येक कुत्रीच्या कुशीचे टाके स्वतः बघायची, मगच सोडू द्यायची, एकदा एकीची जखम जरा लाल दिसली तर परत न्या म्हणाली आणि तिचं बरोबरच होतं, आम्ही नेली परत. अशी एक बाई चौकात असली की पुढच्या वर्षीची सगळी कुत्री ती स्वतः आणून देते.

फोटो काढताना जखमी कुत्र्याबरोबर हसरा सेल्फी नको, आणि माणसांचे फोटो विचारल्याशिवाय नको. तिथल्या टीमचं नाव लिहा पोस्टमध्ये, काम त्यांचं आहे. आणि एखादं पिल्लू जीव लावतंच, घरी घेऊन यावं वाटतं, पण भारतात आणायचं तर एक्यूसीएस या सरकारी प्राणी क्वारंटाइन खात्याची एनओसी लागते, कागद लागतात, आणि त्याच्यासाठी काठमांडूतच घर शोधणं बहुतेक वेळा त्याच्या जास्त भल्याचं असतं.

कधी जायचं आणि मेल कसा लिहायचा

पावसाळा टाळा, जखमा सुकत नाहीत. दसैं म्हणजे तिथला दसरा, त्या सुट्टीत तिथले लोक घरी जातात, काम मंदावतं. तिहार, म्हणजे तिथली दिवाळी, मात्र बघण्यासारखा, आपली नरक चतुर्दशी असते त्याच दिवशी तिथे कुकुर तिहार, रस्त्यावरच्या कुत्र्याला टिळा लावतात, झेंडूची माळ घालतात, गोडधोड खायला घालतात. त्या दिवशी गल्लीतल्या कुत्र्यांबद्दल बोलायला कोणीही तयार असतं, लसीचा विषय काढायला याच्यासारखा दिवस नाही, फक्त चॉकलेट आणि मनुका घालू नका म्हणून सांगत फिरावं लागतं. फेब्रुवारी ते एप्रिल चांगला काळ, आणि तिहारनंतरचे दिवस चांगले.

दोन आठवड्यांपेक्षा कमी जाऊ नका, पहिले काही दिवस तर तुम्हाला सगळं दाखवण्यातच त्यांचे जातात. महिना मिळाला तर उत्तम. मेल छोटा लिहा, डिग्री, रजिस्ट्रेशन नंबर, एबीसीचा किती अनुभव आणि कुठे, स्वतः काय करू शकता आणि काय नाही, रेबीजचे डोस कोणत्या तारखांना झाले किंवा होणार, किती दिवस येणार, राहायची सोय स्वतः करणार की त्यांच्याकडे, आणि तुमच्या कामाबद्दल सांगू शकेल अशा सीनियरचा नंबर, त्यांना विचारून. मला प्राण्यांची लहानपणापासून आवड आहे हे वाक्य काढून टाका, ते सगळेच लिहितात. त्याऐवजी प्रश्न विचारा. सर्जरीनंतर किती दिवस ठेवता, वेदनाशामक काय देता, हत्यारं ऑटोक्लेव्ह होतात का, प्रत्येक सेटमागे किती सर्जरी, सोडल्यानंतर काही झालं तर लोक फोन कोणाला करतात, माझ्यावर सुपरव्हिजन कोणाचं. चांगल्या संस्थेला असे प्रश्न आवडतात आणि त्या भराभर उत्तरं देतात. भरपूर फी घेऊन विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी चाकू हातात देतो म्हणणारी जाहिरात दिसली तर ती टॅब बंद करा.

पुढच्या फेब्रुवारीचं डोक्यात असेल तर मेल सप्टेंबरातच जायला हवा, आणि लसीचा पहिला डोस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात.